दोन बुडत्या बँकांचा लोखंडी दरवाजा

मित्रांनो, माझ्यावर हिरवा रंग आहे, त्याखाली निळा आणि निळ्याखाली गंज. मी कात्रीसारखा मिटणारा आणि उघडणारा लोखंडी जाळीचा दरवाजा आहे, आणि वयाने बराच जुना आहे. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या किनाऱ्यावर, जिथे भरतीचे पाणी रस्त्यात येते आणि कोणी त्याची दखल घेत नाही, तिथे माझा जन्म झाला. दोन बँका माझ्या पाठीमागे बुडाल्या. त्या कशा बुडाल्या, ते तुम्हांला सांगायचे आहे.

कार्सोनो मिस्त्रीने मला घडवले. तापलेल्या पट्ट्या ठोकताना तो शिव्या देत असे आणि जोड नीट बसला की मला थोपटत असे. मी तयार झालो तेव्हा तो माझ्यावर सगळा भार टाकून लोंबकळला आणि बँकेच्या साहेबांना म्हणाला, "ट्रक धडकला तरी हा हलायचा नाही. लिहून घ्या!" साहेब हसले. मला फार अभिमान वाटला.

सागरा केंचाना बँकेच्या शाखेला मला बसवले. सुत्रिमो नावाचा रखवालदार माझी काळजी घेई. खाऱ्या वाऱ्याने लोखंड सडते, म्हणून तो रोज सकाळी मला पुसायचा आणि माझ्या सांध्यांत तेल सोडायचा. बँकेत येणारे म्हणत, "दरवाजा बघा कसा भक्कम आहे! पैसे इथेच ठेवावेत." मित्रांनो, बँक भक्कम आहे की नाही, हे लोक दरवाजाकडे बघून ठरवतात. मलाही तेव्हा तसेच वाटे.

सुत्रिमोची सासू सारिंतेन मावशी खाडीकाठच्या वस्तीत मासे धुरावर सुकवून विकायची. मक्केला जायचे म्हणून ती वर्षानुवर्षे एका डब्यात पैसे साठवत होती. सुत्रिमोनेच तिला गळ घातली. "डबा चोरीला गेला तर काय कराल, आई? बँकेत ठेवा. मी स्वतः दारात उभा असतो ना!"

तेव्हापासून ती दर आठवड्याला यायची. तिच्या कपड्यांना धुराचा आणि माशांचा वास असे. काउंटरवरच्या मुलीने एकदा नाक मुरडले, तर मावशी म्हणाली, "वास माझ्या हातांना आहे गं, नोटांना नाही. घे मुकाट्याने." सगळी बँक हसली. सुत्रिमो तर पोट धरून हसला.

मग ते वर्ष आले. रुपिया, आमचे चलन, कोसळला. तांदूळ महागला, कारखान्यांना कुलपे लागली. आमच्या बँकेच्या मालकांनी लोकांच्या ठेवी स्वतःच्याच कंपन्यांना वाटून टाकल्या होत्या, आणि त्या कंपन्याही आता बुडाल्या. एका शनिवारी सकाळी टीव्हीवर बातमी आली की आमची बँक बंद झाली. आमच्या शाखेत मात्र वरून एकच निरोप पोचला : दार उघडू नका. पैसे कोण देणार, कधी देणार, लोकांना काय सांगायचे, यातले काहीच त्यात नव्हते.

बातमी ऐकून लोक धावत आले. आधी त्यांनी मला हलवले. मग ठोकले. मग दगड सुरू झाले. शाखेचे साहेब हेर्मावान आत टेलिफोन कानाला लावून उभे होते. पलीकडून कोणी उचलत नव्हते.

सारिंतेन मावशी गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापाशी आली. तिने जाळीतून हात घातला आणि सुत्रिमोची बाही पकडली.

"उघड!"

"आई, घरी जा. सोमवारी बघू काय ते."

"सोमवारी? सोमवारी इथे कोण असणार? तुझा साहेब?"

"मला वरून हुकूम आहे."

"वाहवा! माझा हात धरून तूच मला इथे आणलंस. आता जावई दाराच्या आत आणि सासू बाहेर!"

मागे कोणीतरी हसले. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "मागच्या दाराने पेट्या चालल्यात!" ते खोटे होते, माझ्या मागे एकही पेटी हलली नव्हती. पण सगळी गर्दी एकदम पुढे लोटली. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्यावर दाबल्या गेल्या. माझ्या पट्ट्या वाकून एकमेकींजवळ आल्या आणि मावशीचा हात माझ्या दोन पट्ट्यांमध्ये मोडला. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. तो माझ्या अंगातून गेला.

"मागे सरा! बाई मरतेय!" सुत्रिमो ओरडला आणि कुलपाकडे धावला.

"उघडू नकोस!" हेर्मावान साहेब किंचाळले. "उघडलंस तर नोकरी गेली समज!"

"कुठली नोकरी, साहेब?" असे म्हणत सुत्रिमोने किल्ली फिरवली.

त्याने मला जेमतेम एक माणूस शिरेल एवढे उघडले, मावशीचा हात सोडवून तिला आत ओढले आणि पाठ लावून मला पुन्हा बंद केले. त्याने हे दयेने केले होते. पण बाहेरच्या लोकांना काय दिसले? एक चष्मेवाला माणूस ओरडला, "सासूला घेतलं आत! घरच्यांचे पैसे देतायत!" आणि मग माणसांचा तोल गेला.

वाळू भरलेला एक ट्रक मागे घेत घेत माझ्यावर घातला गेला. पहिल्या धक्क्याला मी टिकलो. सुत्रिमो दोन्ही हातांनी मला धरून होता आणि "थांबा! आत जखमी बाई आहे!" असे ओरडत होता. दुसऱ्या धक्क्याला भिंतीतून माझे खिळे निघाले. पुढच्या धक्क्याला मी आतल्या बाजूला कोसळलो, सुत्रिमोच्या अंगावर.

माझ्यावरून लोक धावले. चपला, बूट, अनवाणी पाय. प्रत्येक पाऊल माझ्यावर पडत होते आणि माझ्यातून त्याच्यावर. सुरुवातीला तो हाक मारत होता. मग नुसता श्वास. मग तोही नाही. मी लोखंड होतो. मला स्वतःला उचलता येत नव्हते.

हेर्मावान साहेबांना लोकांनी खुर्चीच्या पायांनी झोडपले. त्यांचा जबडा मोडला. तिजोरी फोडली तर तिच्यात फारसे काही निघाले नाही, म्हणून लोकांनी टेबले पेटवली. सैनिक आले, गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावर एक फळवाला पडला. तो ठेवीदारसुद्धा नव्हता.

गर्दी पांगली तरी सारिंतेन मावशी धुरात तशीच बसून होती. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने ती मला उचलू पाहत होती आणि सैनिकांना सांगत होती, "अरे, एवढं काढा रे! माझा जावई आहे खाली." दोघांनी मला बाजूला केले. मावशीने त्याचे तोंड ओढणीने पुसले आणि त्याच्यावरच्या माश्या वारत राहिली. मला तिथून ओढून नेले. तिला मी पुन्हा पाहिले नाही.

बँक मोडीत निघाली आणि मीही मोडीत गेलो. भंगारवाल्याच्या आवारात, तुटक्या सायकलींखाली, मी पावसात आणि उन्हात पडून राहिलो. कोणी पुसले नाही, तेल दिले नाही. तेव्हा मी मनात म्हणे, कार्सोनो मिस्त्री, तू मला इतका जड का केलास?

पुढे एका लोहाराने मला ठोकून सरळ केले, आणि मला याच शहरातल्या बुमी लंतेरा बँकेच्या शाखेच्या दारी बसवले. ही बँक फार मोठी होती, बेटाबेटावर तिच्या शाखा होत्या. मला पुन्हा तेल मिळू लागले, पुन्हा कौतुक होऊ लागले. पण आता मला त्याचा आनंद होत नसे. आणि पुष्कळ वर्षांनी मी पुन्हा तेच ऐकले. मालकांनी ठेवी आपल्याच कंपन्यांत जिरवल्या होत्या. ही बँकही गेली होती.

पण मधल्या काळात सरकारने नियम केले होते. मोठी बँक बुडाली तर तिला कसे मोडीत काढायचे, हे ती बुडण्याआधीच ठरलेले होते. शुक्रवारी कामकाज संपल्यावर सरकारी अधिकारी वुलांदारी बाई आपली माणसे घेऊन आल्या. त्यांनी वरच्या साहेबांकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना घरी पाठवले. नुकसान आधी मालकांच्या हिश्श्यातून वळते होणार होते. लोकांच्या ठेवी दुसऱ्या, धडधाकट बँकेकडे जाणार होत्या, आणि शाखा सोमवारी नेहमीच्या वेळेला उघडणार होती.

तरी सोमवारी लोक दगड घेऊनच आले. या शहराला जुने दिवस आठवत होते. नवा रखवालदार घाबरला आणि मला ओढू लागला.

"सोड तो दरवाजा," वुलांदारी बाई म्हणाल्या. "उघडाच राहू दे."

"बाई, मारतील!"

"बंद केलास तर नक्की मारतील."

आणि पहिला दगड आला. तो बाईंच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरले. आतले सगळे ओरडले, "आत या, आत या!" बाईंनी डोक्यावरच्या ओढणीने डोळा पुसला आणि दगड मारणाऱ्याकडे बोट केले. तो बंदरावरचा एक आडदांड हमाल होता.

"झाला मारून? मग या आत. पहिला नंबर तुमचा."

"फसवताय! तुम्ही लोक मागच्या दाराने पळून जाल!"

"मागचं दारही उघडं आहे. एक माणूस पाठवा बघायला."

हमाल बिचकत आत आला. अजून एक दगड त्याच्या हातात होता, तो त्याने काउंटरवर ठेवला. तिथल्या मुलीने त्याचे पैसे दिले. ते धरून तो माझ्याजवळ उभा राहिला आणि बाहेर बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "देतायत रे." गर्दीची हळूहळू रांग झाली. पुष्कळ जण दारापर्यंत आले, आत डोकावले आणि पैसे न काढताच परत गेले.

दुपारी बँकेच्या एका मालकाची गाडी आली. त्याला आपला वाटा हवा होता. लोकांनी गाडीच्या काचा फोडल्या, त्याला बाहेर खेचले आणि लाथांनी तुडवले. तेव्हा वुलांदारी बाई त्या घोळक्यात घुसल्या. "याला मारू नका! हा कोर्टात उभा राहायला हवा!" हमालाने मालकाची कॉलर धरून त्याला माझ्यातून आत आणले. "तुझा नंबर शेवटचा," तो म्हणाला. मालकाचे नाक फुटले होते. पण तो जिवंत होता. त्या दिवशी माझ्या दारात कोणी मेले नाही.

मित्रांनो, दरवाजाला तेल द्या, रंग द्या, मला आनंदच होईल. पण त्याच्या भक्कमपणावर भरवसा ठेवू नका. मोठमोठ्या बँका यापुढेही बुडतील. बुडाल्यावर काय करायचे, ते गर्दी जमण्याआधी ठरवा आणि ठरवलेले त्या दिवशी पाळा. लोखंडाला माणूस ओळखता येत नाही. रेटा आला की समोर जो असेल त्याला ते चिरडते.