मिटवामिटवी

आंबिवलीच्या चाळीत मालन सकाळच्या भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात तिचे दीर तानाजी आत येऊन बसले. चहाही मागितला नाही. चहा न मागणारे तानाजी म्हणजे काम मोठं असणार, हे मालन ओळखून होती.

"वहिनी, आज कोर्टात एवढंच बोलायचं. आमच्या मनात राग नाय, आम्ही जावयाला माफ केलंय. बाकी त्यांचा वकील बघेल."

"आणि नाय बोलले तर?"

"तर नातीचं, उर्वीचं तोंड दिसणार नाय तुम्हाला. पोर डोंबिवलीला जावयाच्या आईकडे आहे. मेलेलं माणूस परत येतं का? जिवंत आहे तिचा विचार करा."

मालनची लेक वैशाली तीन वर्षांपूर्वी कळव्याला नवऱ्याच्या घरात मेली. विचारल्याशिवाय माहेरी फोन केला म्हणून नवऱ्याने, सिद्धेशने, तिला मारत मारत ढकललं. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. जीव घ्यायचा इरादा नव्हता, पण असं मारल्याने जीव जाऊ शकतो हे त्याला कळत होतं, म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध, असं ठाण्याच्या कोर्टाने आदल्या दिवशी ठरवलं होतं. शिक्षा किती, ते आज ठरणार होतं. जास्तीत जास्त दहा वर्षं. कमीत कमी किती, हे न्यायाधीशांच्या हातात.

आपल्याकडे एक फार सोयीची रीत आहे. मार खाल्लेली लेक माहेरी आली की घरचे पुरुष बैठक घालतात. जावई मोठ्यांच्या पाया पडतो, चहा होतो, पोरीची ओटी भरून तिला परत धाडतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. वैशालीची अशी ओटी तीनदा भरली होती. तिन्ही वेळा बैठकीच्या मधोमध तानाजीच होते.

कोर्टात सिद्धेशच्या वकिलांनी आवाज मऊ केला. "साहेब, क्षणाचा राग होता. पहिलाच गुन्हा. पदरात लहान मुलगी आहे. मयत वैशालीच्या आईनेही माफ केलंय, त्या इथे हजर आहेत."

न्यायाधीशांनी मालनकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

मालन उठली. मागच्या बाकावर सिद्धेशची आई उर्वीला मुद्दाम नवा फ्रॉक घालून मांडीवर घेऊन बसली होती. पोरीने मालनला पाहून हात हलवला. एक वाक्य बोललं की ही पोर आपल्या कुशीत.

"साहेब, मी माफ नाय केलं. तसं बोल नायतर नात दाखवणार नाय, असं मला सांगितलंय. आणि पहिला गुन्हा कसा? तीनदा मारून झाल्यावर हा आमच्या घरी पाया पडून गेला. तेव्हा पोलिसांत गेलो असतो तर तुमच्या कागदावर असतं सगळं. आम्ही मिटवत बसलो, म्हणून हा आज कोरा दिसतोय."

न्यायाधीश सावकाश म्हणाले, "आधीच्या मारहाणीचा पुरावा माझ्यासमोर आलेला नाही, तो मला धरता येणार नाही. पण माफीही मी धरणार नाही."

दुपारी सात वर्षं सुनावली. वकिलांना तीनची आशा होती. मालनला आनंद झाला नाही. फक्त मान ताठ राहिली.

बाहेर येताच सिद्धेशच्या आईने उर्वीला उचललं. "आता विसरा हिला," म्हणाली आणि जिना उतरली.

तानाजी हळूच जवळ आले. "काय मिळवलंत, वहिनी? नात पण घालवलीत. थांबा, रविवारी बैठक लावतो. पोरीचं मिटवू काहीतरी."

मालन सरकारी वकील चित्राताईंकडे वळली. "ताई, नात मागायला कुठलं कोर्ट?"

"कल्याणचं. पण वेळ लागेल, मालनताई."

"लागू दे. भावोजी, तुम्ही पण यायचं. त्या तीन बैठका तिथे तुमच्या तोंडून सांगायच्यात. नाय आलात, तर समन्स पाठवायला लावीन."