बसून खाणारी

गोपाळकृष्णांनी डब्यावरचा लाल जिलेटीनचा कागद अलगद सारला आणि भिंग डोळ्याला लावलं. कोपऱ्यातल्या ओल्या मातीत एक कोश फाटला होता. तीन-चार मुंग्या त्याची साल ओढत होत्या आणि आतून काहीतरी फिकट, ओलसर, लटपटत बाहेर येत होतं. अंगाला चिकटलेले पंख त्याने एकदा हलवून पाहिले.

"प्रतिभा, इकडे ये. हात पुसून ये."

प्रतिभाबाई कढईखालचा गॅस बारीक करून आल्या. भिंग घेऊन वाकल्या आणि ओरडल्याच.

"अहो, पंख! राणी झाली! मी म्हणून राहिले होते ना, देव डोळे मिटून नाही बसलेला?"

गोपाळकृष्णांनी भिंग परत घेतलं. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी केली होती. प्राध्यापक आले आणि गेले, बरण्या आणि बेडूक सांभाळले ते गोपाळकृष्णांनीच. हे एवढंसं डोकं, ही काटकुळी कंबर राणीची नाही, हे त्यांना भिंगाशिवायही कळलं असतं.

"नर दिसतोय," ते म्हणाले.

"असू दे की. आज नर, उद्या राणी. मधुराला फोन लावा पहिले."

मधुरा त्यांच्या हाताखाली चिमटा धरायला शिकलेली मुलगी. आता दक्षिणेकडच्या एका संस्थेत मुंग्यांवर संशोधन करत होती. ही काळी, लांब पायांची मुंगी तिला घाटातल्या एकाच उतारावर सापडली होती. तिच्याबद्दल कुणी धड चार ओळीही लिहिलेल्या नव्हत्या. मधुराने एक घर मातीच्या ढेकळासकट खणून आणलं, आणि पुन्हा गेली तेव्हा तो उतारच उरला नव्हता. रस्ता रुंद झाला होता. संस्थेच्या वातानुकूलित खोलीत मुंग्या रोज दोन-तीन मरायला लागल्या, तशी ती डबा मांडीवर घेऊन रेल्वेने थेट उज्जैनला आली.

"काका, तुमच्या हाताखाली काहीही जगतं," ती म्हणाली होती. "फक्त ढेकूळ फोडू नका. राणी आत कुठेतरी असणार."

एक्केचाळीस मुंग्या होत्या. ऐन वैशाखात माधव नगरातली माणसं कुलरसमोरून हलत नव्हती, तेव्हा गोपाळकृष्ण दर दोन तासांनी डब्याभोवतीचं फडकं भिजवत होते. खाण्याचं खातं प्रतिभाबाईंकडे. शेजारच्या भय्यासाहेबांच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांनी शेण आणि ओली गोणी भरून मडकं उपडं घातलं होतं. त्याला वाळवी लागली की वाटीत झटकून आणायची. आधी त्या नाक मुरडत. मग बहिणीशी फोनवर बोलताना "आमच्या पोरी" म्हणायला लागल्या. एकाही मुंगीला तीन महिन्यांत काही झालं नाही, उलट कोशांतून नव्या निघाल्या.

आषाढात मधुराचा निरोप आला. वर्णन लिहायला एक नमुना हवा होता. एखादी मेली तर ती पाठवा, नाहीतर जिच्यावाचून अडणार नाही अशी एखादी.

मरत तर कुणी नव्हती. गोपाळकृष्णांनी दोन दिवस पाहिलं. सगळ्या राबत होत्या, एक सोडून. ती ढेकळाच्या तोंडाशी बसलेली असे. वाळवी आणायला कधी गेली नाही, माती कधी उचलली नाही. दुसऱ्यांनी पुढ्यात आणून ठेवलं की खायचं, आणि कुणी फार जवळ आलं तर तिची मिशी चावून दरडावायचं. गोपाळकृष्णांच्या घरात बसून खाणाऱ्याला थारा नव्हता. स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्यांनी सहा महिन्यांत दार दाखवलं होतं.

"ती कशाला?" चिमटा आत जाताना प्रतिभाबाई म्हणाल्या होत्या. "बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तेच तर. तिच्यावाचून काय अडणार आहे?"

स्पिरिटच्या बाटलीत तिने बराच वेळ पाय हलवले. गोपाळकृष्णांनी बाटली कापसात गुंडाळली आणि टावर चौकातून कुरिअर करून आले.

मग डब्यात भांडणं लागली. मुंग्या एकमेकींच्या मिशा ओढायच्या, खाणं तसंच पडून राहायचं. त्यांनी उकाड्याला दोष दिला, बल्ब बदलला, पाणी बदललं. श्रावणात अंडी दिसली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. प्रतिभाबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

मधुराला फोन लागला. स्पीकर प्रतिभाबाईंनीच सुरू केला.

"काका! मीच करणार होते," मधुरा धापा टाकल्यासारखी बोलत होती. "तुमचा नमुना काल कुठे चिरून पाहिला. पोट अंड्यांनी भरलेलं! या जातीत राणी नसतेच, काका. कामकऱ्यांतलीच एक आई होते. दिसायला अगदी इतरांसारखी. फक्त बाहेर पडत नाही, काम करत नाही, बसून असते. ती आई होती."

गोपाळकृष्णांनी पुन्हा डब्यात पाहिलं.

"काका? ऐकू येतंय ना?"

"आज एक कोश फुटला," ते म्हणाले. "पंखवाला आहे. डोकं लहान."



"नर," मधुरा म्हणाली. तिचा आवाज उतरला. "श्रावणातली अंडी ना? म्हणजे आई गेल्यावर त्यांच्यातल्याच कुणीतरी घातली. तिची नराशी गाठ पडलेली नाही, म्हणून सगळे नरच निघणार. आणि हे तर घरातलेच, यांचा काही उपयोग नाही. बाहेरचा नर हवा होता, आणि बाहेर तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. स्वयंपाकघरातून पोहे करपल्याचा वास यायला लागला, पण प्रतिभाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"जाऊ दे, काका. तुम्ही होतात म्हणून इतके दिवस तरी निघाले. तुमचे आभार छापणार आहे मी. एकच विचारायचं होतं. चिठ्ठीत तुम्ही लिहिलं नव्हतं, पण ती मेलेली सापडली होती ना? आपोआप? मला तशी नोंद करावी लागेल."

जे दिसलं तेच लिहा, हवं ते नको. चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर ते हे ओरडत आले होते. त्यांनी घसा साफ केला.

"मधुरा, ते असं झालं की..."

"हो गं," प्रतिभाबाई फोनवर वाकून म्हणाल्या. "सकाळी उठून पाहतात तर मेलेली. मीच म्हटलं, वाया नका घालवू, स्पिरिटमध्ये टाका."

"बरं झालं, काकू. लिहून टाकते."

फोन बंद झाला. गोपाळकृष्ण बायकोकडे पाहत राहिले. आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणायलाच हवं होतं तिने. तोंड भरून बोलली असती, भांडली असती, तर निदान कुठेतरी ते फिटलं असतं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्यांनी तिला सोडलं नव्हतं.

"का बोललीस असं?"

"मग काय सांगणार होतात पोरीला?"

याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं, पण ते ऐकायला आता कुणी नव्हतं. जे छापून येईल, ते तसंच राहील. त्या मुंगीबद्दल जगात एवढंच लिहिलेलं असेल, आणि तेही खोटं.

"किती दिवस राहतील ह्या?" प्रतिभाबाईंनी विचारलं.

"वर्षभर. एखादी दीड."

"मग खायला तर लागेलच."

त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि कंपाउंडचं फाटक ढकलून भय्यासाहेबांच्या प्लॉटवर गेल्या. डब्यात चौघी-पाचजणी त्या नराला चाटून कोरडं करत होत्या. एकीने त्याच्या पुढ्यात वाळवीचा तुकडा आणून ठेवला. तो खात नव्हता. उजेडाच्या दिशेने काचेवर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा.

गोपाळकृष्णांनी फोन उचलला. मधुराचं नाव सगळ्यांत वर होतं. बोट त्यावर धरून ते बराच वेळ उभे होते.

"अहो," बाहेरून हाक आली, "वाटी घेऊन या लवकर. आज वाळवी खूप लागली आहे."

"आणतो," ते म्हणाले. फोन खिशात टाकून ते वाटी शोधायला लागले.