चार शंकू किलोमीटर

नरहरशास्त्री छापील कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचत. त्यामुळे रामघाटावर त्यांची सही फारशी कोणाकडे नव्हती. १९९६ च्या जूनमधल्या एका दुपारी ती त्यांच्या मुलीला, वैदेहीला, हवी होती. पुण्यात खगोलशास्त्र शिकण्याचा अर्ज होता, पालकाची जागा कोरी होती आणि चारला टपाल निघायचं होतं.

सोबतच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा होता. अंतर ४ × १०¹³ किलोमीटर.

"चाळीस," शास्त्री म्हणाले. "आपल्या घाटापासून चुनार गावही तेवढंच लांब आहे. त्यासाठी पुणं कशाला?"

"अण्णा, आणि वरचे तेरा?"

"ते स्वर आहेत."

शास्त्री तीस वर्षं सामवेद शिकवत होते. सामाच्या पोथीत अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. सूर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, ते सांगतात. त्यांनी 'दहा' पहिल्या स्वरावर धरून तिसऱ्यावर उतरवून दाखवला. चांगला लागला.

"अहो, किलोमीटर काय गाताय?" शरदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

वैदेही हसली नाही. साडेतीन झाले होते. तिने जुन्या पंचांगाच्या पाठीवर चार लिहून पुढे तेरा शून्यं मांडली. "वरचा आकडा गायचा नसतो, अण्णा. इतकी शून्यं."

शास्त्र्यांनी उजवीकडून बोट सरकवलं. "एक, दश, शत, सहस्र..." कोटी गेले, खर्व गेले, बोट चारावर टेकलं. "शंकू! चार शंकू किलोमीटर. मग तसं लिहायला काय झालं होतं? आपल्याकडे परार्धापर्यंत नावं आहेत. तिकडे नवीन काय शिकवणार?"

वैदेहीने पान उलटलं. देवयानी दीर्घिका, २ × १०¹⁹. तिने हीदेखील शून्यं मांडली.

बोट पुन्हा निघालं. परार्ध म्हणून झालं, तरी एक शून्य आणि दोनाचा आकडा शिल्लक होता. शास्त्र्यांनी पहिल्यापासून मोजलं. तेवढंच उरलं.

"याला काय म्हणतात?"

"नावं संपली, अण्णा. म्हणून तर वर आकडा लिहितात."

शास्त्र्यांनी दोनाच्या आकड्यावरचं बोट न उचलता दुसऱ्या हाताने माहितीपत्रक जवळ ओढलं.

"आणि ही सगळ्यांत लांबची?"

"छे! ही तर पडोसवाली."

"मग लांबची किती लांब?"

"ते पुण्यात शिकवतात."

शास्त्र्यांनी अर्ज ओढून सही केली. "दिवाळीला येशील तेव्हा त्या लांबचीचं अंतर सांग. कागद आणू नकोस, पाठ करून ये."

वैदेही तोवर गल्लीत पोचली होती.