बाबांनी मोजलंय

केम्पेन भागातल्या वाळूत मोटरसायकलच्या शर्यती खेळणाऱ्या घरांत एक नियम देवाधर्मासारखा पाळतात. मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकपाशी बसून कुणी त्याच्या स्क्रूचे क्लिक मोजत असेल, तर त्याच्याशी बोलायचं नाही. स्क्रू आधी शेवटापर्यंत आत फिरवायचा, मग एकेक क्लिक मोजत बाहेर घ्यायचा. मधेच मोजणी मोडली तर परत आत आणि परत एकपासून. क्लिक जास्त झाले की मागचं चाक खाचेतून फटकन वर उसळतं आणि स्वाराला पुढे फेकतं.

रोम्बाउट चाळीस वर्षं हेच करत होता. चार गावांतली पोरं त्याच्याकडे गाड्या आणत, आणि तो प्रत्येकाला चार शिव्या हासडून गाडी जुळवून देई. मागचं असं वाटतं, पुढचं तसं वाटतं, असं कुणी सांगू लागलं की त्याचं डोकं फिरे. तीन वर्षांपूर्वी त्याचा थोरला, योर्न, शर्यतीत उतारावरच्या खाचांत गाडीवरून फेकला गेला आणि जागीच गेला. पोराला वेग आवरला नाही, असं लोक म्हणाले. रोम्बाउटनेही मान डोलावली.

आता त्याच गाडीवर धाकटी फेमके उतरणार होती. उद्या, रविवारी, तिची पहिली मोठी शर्यत. महिनाभर ती भावाच्या गाडीवरच सराव करत होती. दुसरी गाडी घेऊ म्हटलं तर ऐकेना. हट्टीपणात ती बापाच्या वरताण होती. रोम्बाउटने काल तिच्या साठ किलोंना झेपेल अशी हलकी स्प्रिंग घातली होती. शनिवारी दुपारी उरलं होतं ते गाडी किती दबते हे मोजणं. नुसती गाडी पस्तीस मिलिमीटर दबावी, आणि स्वार चढल्यावर शंभराच्या जरा पुढे.

त्याने गाडी स्टँडवरून खाली घेतली, फेमकेच्या हाती दिली आणि स्वतः मागच्या चाकाशी टेप घेऊन उकिडवा बसला. गाडी आधी डावीकडे जराशी कलली, मग खाली दबली. टेपवर आकडा आला एकशे बावीस.

“बटाटे जरा कमी हाणत जा,” तो म्हणाला. “वीस किलो जास्त दाखवतंय. आणि आधी नुसती गाडी मोजायचीय, उतर.”

“मी बसलेच नाहीये, बाबा.”

त्याने मान वर केली. फेमके पुढच्या चाकासमोर उभी होती, दोन्ही हात हँडलवर. सीट रिकामी होती.

त्याने गाडी पुन्हा स्टँडवर चढवली. स्प्रिंग पाहिली, बोल्ट पाहिले, टेप बदलली. सगळं ठीक होतं. खाली घेतली तर गाडी तशीच डावीकडे कलली आणि तितकीच दबली. या स्प्रिंगवर एवढी गाडी दबायला किती वजन लागतं, हे सांगायला त्याला कागद-पेन्सिल नको होती. ऐंशी किलो. योर्न ऐंशी किलोंचा होता, आणि गाडी डावीकडे ओढून मगच चढायचा.

एक पोर गेलं होतं, दुसरं घालवायची रोम्बाउटची तयारी नव्हती. तू उद्या जायचं नाहीस, असं त्याने सांगून टाकलं. फेमकेने कारण विचारलं. त्याने स्प्रिंगला दोष दिला, मग वाळूला, मग तिच्या वयाला. ती हँडल सोडीना. तेवढ्यात स्प्रिंग कुरकुरली. गाडीचा मागचा भाग बोटभर वर आला आणि पुन्हा बसला. वाट पाहून कंटाळलेला माणूस बूड हलवतो ना, तसा.

मग मात्र त्याने सांगितलं. योर्नच्या शर्यतीच्या दिवशी तो क्लिक मोजत असताना बाहेरगावच्या कुणीतरी पंपाबद्दल विचारलं आणि मोजणी मोडली. स्वारांना बोलावणं आलं होतं. परत एकपासून मोजायला वेळ नव्हता, म्हणून त्याने अंदाजाने पुढे मोजलं. मोडकी गाडी घरी आल्यावर पाहिलं, तर चौदाऐवजी बावीस.

“त्याचं नाही, माझं चुकलं होतं,” तो म्हणाला. “आणि मी त्याला दोष लागू दिला.”



“त्याला कळलं होतं,” फेमके म्हणाली. “शर्यत सुटायच्या आधीची पाहणीची फेरी मारून आला आणि मला म्हणाला, गाडी मागून लाथ मारतेय. मी म्हटलं, बाबांना सांग. तर म्हणाला, बाबांनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार, उगाच ओरडतील.”

रोम्बाउट फरशीवरच बसला. इतकं त्याला पोराला पुरतानाही लागलं नव्हतं. मग चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

“तुला कशी वाटते गाडी? मागून?”

फेमकेने बापाकडे पाहिलं. तो खरंच विचारतोय ना, हे तिने नीट पाहून घेतलं.

“जड,” ती म्हणाली. “महिना झाला, बाबा. मागे कुणीतरी बसलंय असं रोज वाटतं.”