रंभाबाईचं रोप आणि मी

मित्रांनो, माझं कौतुक करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मी सिनेमाचा कॅमेरा आहे. जुना, बोजड, आणि आता स्वभावाने कडूजहर. पुण्यात एका दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलोय. कुणी येऊन "काय चीज आहे!" म्हणालं की मला शिसारी येते.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी कमरुद्दीनच्या हाती आलो. तो पुण्याजवळच्या मुळशीचा. मुंबईत जाऊन छायाचित्रणकार झाला. काय हात होता त्याचा! ढग सरकेपर्यंत उपाशी बसायचा. कुणा नटाने पिकात पाय टाकला तर भर शूटिंगमध्ये झापायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढे तो दिग्दर्शक झाला. पहिल्याच पिक्चरचं पावसाळी गाणं घ्यायला आम्ही मुळशीत आलो. धरणाकाठी सगळी खाचरं चिखलाची, आणि मधोमध एकच तुकडा हिरवागार. "अहाहा, काय हिरवळ आहे! इथेच नाचवू," निर्माता म्हणाला. डोंबल हिरवळ! ते भाताचं रोप होतं. आधी ते असं दाट वाढवतात, मग उपटून खाचरांत लावतात. रोप गेलं की वर्षाचं भात गेलं. निर्मात्याला हे ठाऊक नव्हतं. कमरुद्दीनला होतं. लहानपणी तो याच चिखलात लावणी करायचा.

ज्यांचं रोप, त्या रंभाबाई धावत आल्या.

"आरं कमरू, रोप हाय ते! उद्या लावणी हाय माजी."

"मावशी, एकच शॉट."

"तुला ठावं न्हाई व्हय? तूच लावायचास की माज्या खाचरात!"

"जरा बाजूला व्हा. ऊन जातंय."

मग नाच झाला. नटीचा पाय चुकला म्हणून पुन्हा झाला. मग पुन्हा. सगळं रोप चिखलात गेलं आणि मी मुकाट टिपत राहिलो. छी! बांधावर कपाळाला हात लावून बसलेल्या रंभाबाईही मी टिपल्या होत्या. कमरुद्दीनने तेवढा तुकडा कापून टाकला.

पिक्चर तुफान चालला. हिरवा रंग पकडावा तर कमरुद्दीननेच, असं लोक म्हणू लागले. त्या वर्षी रंभाबाईंची खाचरं मात्र पडीक राहिली.

उन्हाळ्यात मुळशीत तंबू ठोकून तोच पिक्चर दाखवला. कमरुद्दीनला हार घातले, आणि मलाही हार घालून पडद्याशेजारी ठेवलं होतं. गाणं सुरू झालं आणि रंभाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"त्ये बगा, माजं रोप! माजं भात तुडवत्यात!"

"ए म्हातारे, बस की खाली! गाणं दिसंना," मागून कुणीतरी ओरडलं.

त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं ते कमरुद्दीनने.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका. माझी काच फुटली तरी चालेल. पण कॅमेरा हातात घ्याल तेव्हा पायाखाली काय आहे ते बघा, आणि ज्याचं आहे त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर कॅमेरा गुमान पिशवीत घाला.