भिंत झालेली चादर

मी एक जुनी निळी चादर आहे. हल्ली मी भिंतीचे काम करते. हसू नका, मित्रांनो! या घरात सध्या बढती मिळालेली मी एकटीच आहे.

माझा जन्म एका गिरणीत झाला. दुकानात मी ज्या पिशवीत राहत होते, तिच्यावर 'रंगाची हमी' असे छापले होते. या घरात आल्यावर पाहुणे येणार असले की मला कपाटातून काढत. पाहुणे म्हणत, "चादर छान आहे हो!" मग त्यांची मुले माझ्यावर चहा सांडत. हळूहळू माझा रंग गेला. हमी तर पिशवीबरोबर कचऱ्यात गेलीच होती. पुढे मला इस्त्रीखाली अंथरू लागले. एकदा बाबा इस्त्री माझ्यावरच ठेवून फोन घ्यायला गेले. तो तपकिरी डाग अजून माझ्या अंगावर आहे.

बाबा एका गोदामात मालाची आवकजावक बघत. गोदामाने ते काम संगणकाला दिले आणि बाबांना निरोपाचा पुष्पगुच्छ. नंतर त्यांनी रग्गड अर्ज केले. बोलावणे एकाच कंपनीचे आले, तेही घरबसल्या, व्हिडिओवर. ही नोकरी हुकली तर बाबांच्या वयाला दुसरे कोणी विचारणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून ते कोणी बोलत नव्हते.

लॅपटॉपला जागा होती फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी. बाबांच्या मागे कढया आणि वाळत घातलेले मोजे दिसत. मग मुलीने दोरी बांधली आणि मला चिमटे लावून टांगले. डाग नेमका बाबांच्या डोक्यामागे आला, म्हणून मला उलटे टांगले. पंखाही बंद केला, कारण भिंतीला हलायची परवानगी नसते.

मग सराव सुरू झाला. आई साहेब झाली.

"तुमच्यातला एक दोष सांगा."

बाबा विचारात पडले.

"राहू द्या, तो मीच सांगते. एकच कशाला?"

"आई, नीट विचार ना!"

"बरं. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"इथेच," बाबा म्हणाले. "तू उठू दिलंस तर."

पण खरी अडचण वेगळीच होती. आई साहेब होऊन समोर आली, की बाबा ताडकन उभे राहत. साहेब 'बसा' म्हणेपर्यंत बसायचे नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मुलगी सदऱ्याला धरून त्यांना खाली ओढायची. "बाबा, उभे राहू नका! खाली पायजमा आहे!" जुन्या पँटचे बटण आता लागत नव्हते.

मुलाखतीच्या दिवशी मुलगी बेल वाजू नये म्हणून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. खिडकीच्या वाऱ्याने मी फुगत होते, म्हणून आई माझ्यामागे जाऊन मला दोन्ही हातांनी ताणून धरून राहिली. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मला लॅपटॉपचा पडदा समोरच दिसत होता. त्यात माणूस नव्हता. एक गोल उमटला आणि गोड आवाज आला, "स्वागत आहे. स्वतःविषयी सांगा." खाली उत्तराच्या वेळेचे आकडे उलटे पळू लागले.

बाबा ताडकन उभे राहिले. "नमस्कार," म्हणाले आणि हात जोडून थांबले. कॅमेऱ्याला फक्त पायजम्याची नाडी दिसत असेल. आवाजाने दुसरा प्रश्न विचारला. बाबा अदबीने हसले, पण 'बसा' काही कोणी म्हणेना. आकडे संपत आले. शेवटी माझ्यामागून आई हलकेच म्हणाली, "अहो, बसा आता."

बाबा बसले. तोवर पडद्यावर लिहून आले होते, "उत्तरे मिळाली नाहीत. आभारी आहोत. आमची सेवा कशी वाटली?"

बाबांनी पाचही तारे दाबले.

आई बाहेर आली. "अहो, पाच कशाला?"

"असू दे. आपल्यामुळे कोणाच्या पोटावर पाय नको."

मला अजून कोणी खाली उतरवलेले नाही. पुढच्या मुलाखतीला लागेन, असे मुलगी म्हणते.

मित्रांनो, जुन्या चादरी जपून वापरा, इस्त्री उभी ठेवा. आणि तुमच्यासमोर कोणी हात जोडून उभे असेल, तर निदान 'बसा' म्हणा. नोकरी नाही दिलीत तरी चालेल.