चोवीस मात्रांपुरती पाठ

"फाटलं. परत सगळे जागेवर."

स्टँडच्या अगदी वरच्या पायरीवरून ब्रिटा हालवर्सनचा आवाज भोंग्यातून मैदानात उतरला, आणि दीडशे पोरंपोरी कुरकुर न करता धावत आपापल्या जागी गेली. जुलैतल्या गुरुवारची दुपार होती. इंडियानातल्या त्या हायस्कूलच्या मैदानावर उन्हाने गवतसुद्धा मान टाकून बसलं होतं. सकाळपासूनची ही अकरावी खेप.

फाटणं म्हणजे काय, तर ऐंशी हॉर्न एका श्वासात सुरू व्हायला हवेत आणि पुढची रांग डोळ्याचं पातं लवण्याइतकी आधी सुटते. एवढंच. पण कापड उसवतं ते एका धाग्यापासूनच, आणि परीक्षकांच्या कानांना तो धागा बरोबर सापडतो.

"ब्रिटा, हे व्हायचं नाही," शेजारी बसलेला डेलरॉय म्हणाला. ड्रमवाल्यांचा हा शिक्षक. दहा वर्षं जुना, जिभेला धार. "शंभर यार्डांवरून आवाज यायला वेळ लागणारच. आवाजाचा वेग बदलायचा तर तुला वरून परवानगी काढावी लागेल."

"वर बोलणं चालू आहे," ब्रिटा म्हणाली. "तोवर तू तुझ्या ड्रमवाल्यांना गप्प ठेव."

डेलरॉय हसला. तिच्यावर रागावणं त्याला जमत नसे, आणि तिचं म्हणणं पटवून घेणंही.

रिव्हर पायलट्स हा आयोवातला, मिसिसिपीच्या काठच्या हार्लन बेंड गावचा कोअर, म्हणजे मैदानावर चालत वाजवणारं हॉर्न आणि ड्रमचं पथक. देशभरातून निवडलेली अठरा ते एकवीस वर्षांची मुलं, उन्हाळाभर बसमधून गावोगाव, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, सकाळी आठपासून सराव, आणि संध्याकाळी अकरा मिनिटांची स्पर्धा. सव्वीस वर्षं हा कोअर ड्वेन कोपेस्कीचा होता. अख्खं गाव त्यांना कोप म्हणे. कोपचा शेवट ठरलेला: भिंत. ऐंशी हॉर्न एका सरळ रेषेत, खांद्याला खांदा, प्रेक्षकांच्या अंगावर चालून येणार आणि छातीफोड वाजवणार. लोक तिकीट काढायचे ते भिंतीसाठी. ब्रिटाने स्वतः एकोणिसाव्या वर्षी त्या भिंतीत उभं राहून वाजवलं होतं, आणि रडली होती.

गेल्या शरद ऋतूत कोपनी काम सोडलं. "डाव्या कानाने आधीच राजीनामा दिलाय," ते म्हणाले, "आणि उजवा नोटीस देऊन बसलाय." मंडळाने कला दिग्दर्शक म्हणून ब्रिटाला आणलं, आणि ब्रिटाने पहिल्याच बैठकीत भिंत काढून टाकली.

तिच्या जागी तिने धुकं आणलं. दाट धुक्यात बोटी एकमेकींना दिसत नाहीत, भोंग्याने साद देतात, आणि दुसरी बोट ऐकून उत्तर देते. मैदानाच्या पार मागच्या कोपऱ्यातून थॅड नावाचा नेब्रास्काचा लाजाळू मुलगा एकटा हॉर्न वाजवणार. ड्रम बंद. आणि पुढे चौथऱ्यावर उभी असलेली ड्रम मेजर, जिच्या हातांकडे बघून सगळा कोअर चालतो, ती चोवीस मात्रा हात खाली सोडणार. कुणी कुणाला चालवायचं नाही. मागून आलेला आवाज कानावर पडला की त्याच्या पाठीवर अलगद आपला आवाज ठेवायचा.

ही कल्पना ब्रिटाला कुठे सुचली हे तिने मंडळाला सांगितलं नव्हतं. लेक मॅरेन सहा महिन्यांची असताना अंधाऱ्या खोलीतून रडायची, आणि भांडी घासता घासता ब्रिटा स्वयंपाकघरातूनच गुणगुणायची. आई दिसत नसे, हात लागत नसे, तरी पोर शांत व्हायची. मधल्या भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावर एवढासा जीव आपला सगळा भार टाकून झोपतो, तर ऐंशी धडधाकट मुलांना ते का जमू नये?

ते जमत नव्हतं. जूनपासून प्रत्येक स्पर्धेत त्या चोवीस मात्रा फाटत होत्या. काल मंडळाच्या अध्यक्ष लॉरेनचा फोन आला.

"हे बघ, मी तुझ्याच बाजूची आहे."

"हे वाक्य चांगल्या बातमीआधी कुणी म्हणत नाही, लॉरेन."

"शनिवारच्या मोठ्या स्पर्धेत फाटलं, तर रविवारपासून भिंत परत. जुन्या मुलांना ती पाठ आहे, आठवड्यात बसेल."

भिंत परत आली तर पुढचं ब्रिटाला सांगायची गरज नव्हती. उन्हाळाभर तिने मुलांना सांगितलं होतं की ऐका, भरवसा ठेवा. मग कळणार की भरवसा फक्त शनिवारपर्यंतचा होता. त्यानंतर तिच्या शब्दावर मुलं पाऊलही टाकणार नाहीत.

"शनिवारी फाटणार नाही," ती म्हणाली.

"एवढी खात्री?"

"ती बघूनच तर तुम्ही मला घेतलंत."

खात्री खरी होती. फक्त धागा कुठे उसवतोय ते अजून सापडलं नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. स्वयंपाकाचा ट्रक झाडाखाली उभा होता, आणि त्याच्या खिडकीत मोठी पळी घेऊन, ॲप्रन बांधून कोप उभे होते. हो, तेच. काम सोडलं म्हणून घरी बसतील तर ते कोप कसले. मे महिन्यात स्वयंसेवकांच्या यादीत त्यांनी आपलं नाव घातलं होतं: कांदे चिरणे, वाढणे. सरावाच्या मैदानावर मात्र त्यांनी पाय ठेवला नव्हता. सल्ला दिला नव्हता. विचारलं तरी "आज मक्याची कणसं गोड आहेत" एवढंच बोलायचे.

ट्रकच्या सावलीत उंच खुर्चीत मॅरेन बसली होती. दीड वर्षाची, कानांवर आवाज अडवणारे गुलाबी कप, पुढ्यात वाटाणे. सराव चालू असताना ती कोपच्याच नजरेखाली असे. ब्रिटाने तिच्यापुढे कलिंगडाचा तुकडा धरला. मॅरेनने हात पुढे केला, मग थांबली, आणि मान वळवून कोपच्या तोंडाकडे पाहिलं. कोपनी भुवया वर केल्या. मग तिने तुकडा घेतला.

"अगं, आई मी आहे," ब्रिटा म्हणाली.

आणि तिथेच ती थबकली. खिडकीपुढे रांग होती. घामाने भिजलेली मुलं एकेक करून ताट पुढे करत होती, आणि प्रत्येक मूल ताटाकडे न बघता आधी कोपच्या चेहऱ्याकडे बघत होतं. पहिला, दुसरी, तिसरा. क्षणभरच. आज आपलं कसं झालं, हे त्या चेहऱ्यावरून वाचत होतं. कोपनी चेहरा अगदी कोरा ठेवला होता, बिचाऱ्यांनी. आणि सव्वीस वर्षांत ज्यांचा चेहरा कधी कोरा राहिला नाही, त्यांचा कोरा चेहरा म्हणजे मुलांच्या लेखी नापसंतीच. मुलं मान खाली घालून ताट घेऊन जात होती.

रांग संपल्यावर ब्रिटा ट्रकच्या मागच्या दाराने आत गेली.

"कोप, तुमच्याशी बोलायचंय."

"उजव्या बाजूने बोल, पोरी."

ती उजवीकडे झाली. "उद्यापासून तुम्ही खिडकीत उभं राहू नका."

कोपनी पळी खाली ठेवली. 

"मुलं अजून तुमच्या तोंडाकडे बघतात. मी काहीही सांगितलं तरी दुपारी तुमच्या तोंडाकडे बघून ठरवतात, खरं की खोटं. तुम्ही काही करत नाही, मला ठाऊक आहे. पण दोन ठिकाणी बघणाऱ्याला ऐकू येत नाही."

"घरी जाऊ?"

"छे! कांदे कोण चिरणार? फक्त पाठ करा."

कोपनी हात पुसले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडांना त्या ओळखीच्या सुरकुत्या पडल्या. "तीन आठवडे वाट बघतोय, कधी म्हणशील म्हणून. मला वाटलं, संकोचाने मरशील पण बोलणार नाहीस."

"मग तुम्हीच का नाही हटलात?"

"मी आपणहून हटलो असतो तर पोरं म्हणाली असती, कोप रुसले. तू हटवलंस तर म्हणतील, ब्रिटाने हटवलं. फरक आहे." ते खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता तू मालकासारखी बोललीस, तर एक सांगतो. मला धड ऐकू येत नाही, म्हणून मी बघतो. तुझ्या ड्रम मेजरचे हात खाली असतात. हनुवटी नसते."

"म्हणजे?"

"हनुवटीने ठेका धरते ती पोरगी. तिचं तिलाही कळत नाही. मागच्यांना एवढ्याशा हनुवटीचं काय दिसणार, ते कानाने येतात. पुढची रांग हनुवटीने येते. म्हणून फाटतं."

ब्रिटाने कपाळावर हात मारला. "आणि हे तुम्ही तीन आठवडे पोटात ठेवलंत?"

"आधी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं," कोप म्हणाले आणि कांद्याची जाळी ओढून, खिडकीकडे पाठ करून बसले.

ड्रम मेजर मारिसोल त्रेविन्यो टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाची. एकवीस वर्षांची, म्हणजे हा तिचा शेवटचा उन्हाळा, पुढच्या वर्षी वय संपणार. ब्रिटाने तिला हनुवटीचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला.

"म्हणजे महिनाभर सगळं माझ्यामुळे?"

"तू जिवंत आहेस त्यामुळे. संगीत चालू असताना ज्याची हनुवटी हलत नाही त्याला मी ड्रम मेजर करणारच नाही."

"मग टेप लावू हनुवटीला?"

"नको. मागे वळ."

मारिसोलला वाटलं, चेष्टा आहे. मग कळलं, नाही. "कोअरकडे पाठ? सुरुवातीच्या सलामीशिवाय ड्रम मेजर पाठ करत नाही, ब्रिटा. तीन उन्हाळे मी यांच्यावरून नजर काढली नाहीये. माझी आजी व्हिडिओ बघून म्हणेल, रुसली का गं?"

"चोवीस मात्रा. तूही त्यांच्यासारखीच कानाने मोजायच्या, आणि ड्रमच्या पहिल्या ठोक्याला वळून हात वर."

"आणि ती आलीच नाहीत तर?"

"तर तू आणि मी दोघी प्रेक्षकांकडे बघून गोड हसू."

पहिल्या वेळी खरंच कुणी आलं नाही. थॅडचा हॉर्न कोपऱ्यातून वाजला, मारिसोल वळली, आणि ऐंशी हॉर्न ओठाला लावून ऐंशी जण नुसते उभे राहिले. जणू आई बाजारात गर्दीत दिसेनाशी झाली. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं मैदान हसत सुटलं. डेलरॉयने आकाशाकडे बघून हात जोडले.

"छान!" ब्रिटा भोंग्यातून ओरडली. "आज पहिल्यांदा कुणी आधी सुटलं नाही! परत जागेवर!"

दुसऱ्या वेळी मागचे आले, पुढचे चाचरले. पाचव्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळेच मिटून घेतले. तिचं बघून शेजारच्याने. सातव्या वेळी फाटलं नाही. डेलरॉयने ब्रिटाची पाण्याची बाटली भरून आणून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत दुसरंच कुणी वाढत होतं. आत कोपची रुंद पाठ तेवढी दिसत होती. मुलं क्षणभर घुटमळली. मग टॅटर टॉटचा, बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग पाहून ताटाकडे वळली, आणि जेवता जेवता एकमेकांशी भांडू लागली की सातवी खेप चांगली होती की नववी.

शनिवारी स्टेडियम भरलं होतं. ऊन उतरलं होतं. ब्रिटा स्टँडमध्ये, मॅरेन मांडीवर, गुलाबी कप कानांवर. दोन रांगा खाली जुन्या मंडळींचा, कोपच्या काळातल्या वादकांचा, घोळका बसला होता, पाठीवर 'भिंत' छापलेले शर्ट मुद्दाम घालून.

नऊ मिनिटं सगळं ठरल्यासारखं झालं. मग ड्रम थांबले. पार मागच्या कोपऱ्यातून थॅडची साद आली, बारीक आणि सरळ. मारिसोलने हात खाली सोडले आणि ती वळली.

स्टँडमध्ये कुजबूज झाली. जुन्या मंडळींपैकी कुणी म्हणालं, "अरे, ही काय करतेय?" ब्रिटाने श्वास रोखला नाही. हे जमणार हे तिला गुरुवारपासून माहीत होतं. तिने फक्त लेकीची पावलं हातात घट्ट धरली.

आणि ऐंशी हॉर्न आले. कुठून सुरू झाले ते कळलंच नाही. मागच्या कोपऱ्यातून निघालेला आवाज वाटेत एकेकाला उचलत, जाडा होत, सगळा मिळून एकदम स्टँडवर येऊन पोचला. कुठे एक धागा सुटला नाही. शर्टवाल्यांची कुजबूज थांबली. चोवीस मात्रा संपल्या, ड्रमचा ठोका पडला, मारिसोल गर्रकन वळली आणि तिचे हात वर गेले, बरोबर ठोक्यावर.

गुण आले ते आधीच्या स्पर्धेपेक्षा दीडने जास्त. तरी चौथा नंबरच. पण ब्रिटाने परीक्षकाची ध्वनिफीत ऐकली. हे परीक्षक कार्यक्रम चालू असताना सतत बोलत असतात: इथे सैल, तिथे छान, हे कुणी वाजवलं. थॅडच्या सादेपर्यंत तो माणूस अखंड बोलत होता. मग चोवीस मात्रा त्या फितीवर फक्त संगीत होतं. ते संपल्यावर घसा खाकरल्याचा आवाज, आणि "माफ करा, मी ऐकत होतो."

तिने तेवढा तुकडा लॉरेनला पाठवला. उत्तर एका ओळीत आलं: भिंत माळ्यावर ठेवते. धूळ बसू दे.

ट्रकपाशी मुलं पीनट बटरच्या सँडविचवर तुटून पडली होती. मारिसोल अजून गणवेशातच होती, गालांवर घामाचे ओघळ.

"ब्रिटा, तीन वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून उभी आहे. प्रेक्षकांकडे. आज पहिल्यांदा त्यांचे चेहरे पाहिले."

"कसे होते?"

"सगळे माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं." ती हसली. "मला एवढं छान कधी वाटलं नव्हतं."

ट्रकच्या आत कोप पातेली घासत होते. ब्रिटा उजव्या बाजूने गेली.

"किती?" त्यांनी न वळता विचारलं.

"दीड जास्त."

"आणि फाटलं?"

"नाही."

कोपनी मान हलवली आणि पुढचं पातेलं घेतलं. मॅरेनने आईच्या कडेवरून टोपलीतला बिस्किटाचा तुकडा उचलला. थोडी थांबली. कोपची पाठ दिसली. मग तिने मान वळवून ब्रिटाच्या तोंडाकडे पाहिलं.

"खा," ब्रिटा म्हणाली.